क्लार्क काउंटीची लोकसंख्या (नेव्हाडा)

क्लार्क काउंटी ही अमेरिकेच्या नेव्हाडा राज्याच्या दक्षिण टोकावरील काउंटी असून लास व्हेगस हे तिचे मुख्यालय आहे. २०२० च्या जनगणनेनुसार काउंटीची लोकसंख्या २२,६५,४६१ होती. त्याच जनगणनेत संपूर्ण नेव्हाडा राज्याची लोकसंख्या ३१,०४,६१४ भरली. म्हणजे राज्यातील दर चार रहिवाशांपैकी जवळपास तीन या एकाच काउंटीत राहतात. लास व्हेगस महानगर क्षेत्राची जनगणनेसाठी ठरवलेली सीमा आणि काउंटीची सीमा एकच आहे.

१९१० मध्ये येथे अवघे ३,३२१ लोक राहत होते. पाण्याचे दुर्भिक्ष असलेल्या मोहावी वाळवंटातील ही वस्ती एका शतकात वीस लाखांच्या घरात गेली. रेल्वे, हूवर धरण, दुसऱ्या महायुद्धातील कारखाने आणि त्यानंतरचा पर्यटन व जुगार व्यवसाय ही या वाढीची प्रमुख कारणे होत. काउंटीला दरवर्षी सुमारे चार कोटी पर्यटक भेट देतात. त्यांची गणना लोकसंख्येत होत नाही. मात्र येथे कोण राहायला आले, ते कोणते काम करतात आणि मंदीत त्यांच्यावर कोणती वेळ येते, हे मोठ्या प्रमाणात या न मोजलेल्या लोकसमूहावर अवलंबून असते.

गणनेची पद्धत: रहिवासी आणि पाहुणे

अमेरिकेची जनगणना दर दहा वर्षांनी होते आणि १ एप्रिल हा तिचा संदर्भदिन असतो. व्यक्ती वर्षातील बहुतांश काळ जेथे राहते व झोपते, ते तिचे 'नेहमीचे निवासस्थान' मानले जाते आणि तिची नोंद तेथेच होते. त्यामुळे गणनेच्या दिवशी लास व्हेगसच्या हॉटेलात उतरलेला कॅलिफोर्नियाचा रहिवासी कॅलिफोर्नियातच मोजला जातो. दुसरे कोणतेही घर नसलेली आणि आठवड्याच्या भाड्याने मोटेलच्या खोलीत राहणारी व्यक्ती मात्र काउंटीची रहिवासी ठरते. कमी पगारावर काम करणारी अनेक कुटुंबे अशा साप्ताहिक भाड्याच्या खोल्यांत राहत असल्याने हा नियम येथे महत्त्वाचा आहे. थंडीचे काही महिने उबदार हवेसाठी येणाऱ्या वृद्धांची नोंद, ते वर्षाचा अधिक काळ जेथे घालवतात त्या गावी होते.

पर्यटकांमुळे प्रत्यक्ष वस्तीत किती भर पडते, याचा अंदाज साध्या गणिताने घेता येतो. वर्षाला ४ कोटी पाहुणे आले आणि प्रत्येकाने सरासरी तीन रात्री मुक्काम केला असे धरल्यास एकूण १२ कोटी मुक्काम होतात. त्यांना ३६५ ने भागल्यास कोणत्याही रात्री सुमारे ३.३ लाख पाहुणे काउंटीत असतात. ही संख्या काउंटीतील दुसऱ्या क्रमांकाचे शहर असलेल्या हेंडरसनच्या लोकसंख्येपेक्षाही थोडी अधिक आहे. आठवड्याच्या शेवटी, नववर्षाच्या रात्री आणि मोठ्या व्यापारी प्रदर्शनांच्या काळात ती याहून वाढते.

यामुळे दरडोई आकडे वाचताना सावध राहावे लागते. गुन्ह्यांचे, अपघातांचे किंवा पोलिसांच्या संख्येचे प्रमाण सामान्यतः रहिवासी लोकसंख्येच्या आधारे काढले जाते. येथे घटनांमध्ये पाहुण्यांचाही समावेश असतो, पण ज्या संख्येने भागले जाते तिच्यात ते नसतात. विवाहांच्या नोंदींत हा फरक सर्वाधिक ठळकपणे दिसतो. २००४ मध्ये काउंटीने सुमारे १ लाख २८ हजार विवाह परवाने दिले. त्या वेळी तिची लोकसंख्या १७ लाखांच्या आसपास होती. म्हणजे दर हजार रहिवाशांमागे ७० हून अधिक परवाने होते, तर त्याच काळात संपूर्ण देशातील विवाहांचे प्रमाण दर हजारी ८ पेक्षा कमी होते. यांतील बहुतेक जोडपी बाहेरून येऊन विवाह करून परत गेलेली होती. त्यामुळे या आकड्यावरून स्थानिक लोकांच्या विवाहाच्या प्रमाणाचा कोणताही निष्कर्ष काढता येत नाही.

लोकसंख्येची वाढ

| जनगणना वर्ष | लोकसंख्या | दशकातील वाढ (टक्के) |
|---|---|---|
| १९१० | ३,३२१ | – |
| १९२० | ४,८५९ | ४६.३ |
| १९३० | ८,५३२ | ७५.६ |
| १९४० | १६,४१४ | ९२.४ |
| १९५० | ४८,२८९ | १९४.२ |
| १९६० | १,२७,०१६ | १६३.० |
| १९७० | २,७३,२८८ | ११५.२ |
| १९८० | ४,६३,०८७ | ६९.५ |
| १९९० | ७,४१,४५९ | ६०.१ |
| २००० | १३,७५,७६५ | ८५.५ |
| २०१० | १९,५१,२६९ | ४१.८ |
| २०२० | २२,६५,४६१ | १६.१ |

आरंभीची वस्ती

या प्रदेशाचे मूळ रहिवासी दक्षिण पाईयूट लोक होत. झऱ्यांच्या आणि नद्यांच्या काठाने ते ऋतुमानानुसार वस्ती करीत. 'लास व्हेगस' या स्पॅनिश नावाचा अर्थ 'कुरणे' असा असून तो येथील झऱ्यांभोवतीच्या हिरवळीवरून आला आहे. १८५५ मध्ये मॉर्मन पंथाच्या लोकांनी येथे किल्लेवजा वसाहत उभारली, परंतु दोनच वर्षांत ती सोडून दिली. पुढे काउंटीच्या ईशान्य भागात बंकरव्हिल, मेस्किट, ओव्हर्टन अशी मॉर्मन शेतकऱ्यांची गावे स्थिरावली.

१५ मे १९०५ रोजी रेल्वे कंपनीने लास व्हेगस येथील भूखंडांचा लिलाव केला. हाच दिवस शहराचा स्थापना दिवस मानला जातो. १ जुलै १९०९ रोजी लिंकन काउंटीचे विभाजन होऊन क्लार्क काउंटी अस्तित्वात आली. या रेल्वेमार्गाचे एक प्रमुख प्रवर्तक, तांब्याच्या खाणींचे मालक आणि मोंटाना राज्याचे सिनेटर विल्यम क्लार्क यांचे नाव तिला देण्यात आले. १९१० मध्ये नेव्हाडाच्या एकूण लोकसंख्येत काउंटीचा वाटा जेमतेम ४ टक्के होता. राज्याचे लोकजीवन तेव्हा उत्तरेकडील रीनो शहर आणि खाणींच्या गावांभोवती केंद्रित होते.

धरण आणि युद्ध

१९३१ हे वर्ष काउंटीच्या इतिहासात निर्णायक ठरले. त्या वर्षी कॉलोराडो नदीवरील हूवर धरणाचे काम सुरू झाले आणि राज्याने जुगाराला कायदेशीर मान्यता दिली. त्याच वर्षी घटस्फोटासाठी आवश्यक असलेला वास्तव्याचा काळ सहा आठवड्यांवर आणण्यात आला. महामंदीत बेकार झालेले हजारो लोक कामाच्या शोधात येथे आले. धरणावर एका वेळी काम करणाऱ्यांची संख्या पाच हजारांवर गेली होती. त्यांच्यासाठी केंद्र सरकारने बोल्डर सिटी हे नियोजित गाव वसवले. तेथे जुगाराला बंदी होती व ती आजही कायम आहे.

१९४१ नंतर विमानदलाचे तोफखाना प्रशिक्षण केंद्र (पुढचा नेलिस हवाई तळ) आणि मॅग्नेशियम धातूचा मोठा कारखाना सुरू झाला. कारखान्याच्या कामगारांसाठी वसलेल्या गावातूनच हेंडरसन शहर उभे राहिले. १९४० ते १९५० या दशकात लोकसंख्या जवळपास तिप्पट झाली. टक्केवारीचा विचार करता हा काउंटीच्या इतिहासातील सर्वांत वेगवान काळ होता.

हॉटेलांचा काळ

१९४१ मध्ये एल रँचो व्हेगस आणि १९४६ मध्ये फ्लमिंगो ही हॉटेले लॉस एंजेलिसकडे जाणाऱ्या महामार्गावर सुरू झाली आणि हा पट्टा पुढे 'लास व्हेगस स्ट्रिप' म्हणून ओळखला जाऊ लागला. वातानुकूलन, विमान वाहतूक आणि दक्षिण कॅलिफोर्नियाची वाढती समृद्धी यांमुळे पर्यटकांची संख्या वाढत गेली. १९६० मध्ये राज्यातील ४४.५ टक्के लोक या काउंटीत होते. १९७० मध्ये हे प्रमाण ५५.९ टक्क्यांवर गेले, म्हणजेच मधल्या दशकात राज्याचे लोकसंख्याबळ उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकले.

१९८९ मध्ये मिराज हे हॉटेल सुरू झाल्यानंतर हजारो खोल्यांच्या अवाढव्य हॉटेलांचे युग आले. १९९३ मध्ये सुरू झालेल्या एमजीएम ग्रँडमध्ये पाच हजारांहून अधिक खोल्या होत्या. अशा प्रत्येक हॉटेलाला खोल्या साफ करणारे, स्वयंपाकी, वाढपी, सुरक्षारक्षक आणि जुगाराच्या टेबलांवर पत्ते वाटणारे असे हजारो कर्मचारी लागत. त्यांच्यासाठी घरे, शाळा व दुकाने बांधणारे कामगारही येत गेले. १९९० च्या दशकात काउंटीची लोकसंख्या ६,३४,३०६ ने वाढली. हे प्रमाण दरमहा सरासरी ५,२०० हून अधिक होते.

भौगोलिक वितरण

काउंटीचे एकूण क्षेत्रफळ सुमारे २०,९०० चौरस किलोमीटर असून लोकसंख्येची सरासरी घनता दर चौरस किलोमीटरला सुमारे १११ आहे. प्रत्यक्षात बहुसंख्य लोक डोंगरांनी वेढलेल्या लास व्हेगस खोऱ्यात राहतात. हे खोरे सुमारे १,६०० चौरस किलोमीटरचे आहे. उर्वरित प्रदेश वाळवंट, डोंगर, संरक्षित क्षेत्रे आणि लष्करी जमीन यांनी व्यापलेला असून तेथे वस्ती अत्यंत विरळ आहे.

काउंटीत पाच निगमित शहरे, म्हणजे स्वतःचे नगर प्रशासन असलेली शहरे आहेत. २०२० मध्ये त्यांची लोकसंख्या पुढीलप्रमाणे होती:

* लास व्हेगस – ६,४१,९०३
* हेंडरसन – ३,१७,६१०
* नॉर्थ लास व्हेगस – २,६२,५२७
* मेस्किट – २०,४७१
* बोल्डर सिटी – १४,८८५

या पाच शहरांची बेरीज १२,५७,३९६ होते. उरलेले १०,०८,०६५ लोक, म्हणजे सुमारे ४४.५ टक्के, कोणत्याही नगर प्रशासनाच्या हद्दीत न मोडणाऱ्या भागात राहतात. त्यांना रस्ते, अग्निशमन, उद्याने अशा नागरी सेवा थेट काउंटीकडून मिळतात. एंटरप्राइज (२,२१,८३१), स्प्रिंग व्हॅली (२,१५,५९७), सनराइज मॅनर (२,०५,६१८) आणि पॅराडाइज (१,९१,२३८) या त्यांतील सर्वांत मोठ्या वस्त्या आहेत. त्या स्वतंत्र शहरे असत्या तर राज्यातील मोठ्या शहरांत गणल्या गेल्या असत्या.

या रचनेमागे पर्यटनाचे अर्थकारण आहे. १९५० मध्ये लास व्हेगस शहराने स्ट्रिपचा भाग आपल्या हद्दीत घेण्याचे प्रयत्न केले. शहराचे कर टाळण्यासाठी हॉटेलमालकांनी त्याला विरोध केला आणि पॅराडाइज हे काउंटीच्या अखत्यारीतील स्वतंत्र गाव स्थापन करून घेतले. त्यामुळे जगभर 'लास व्हेगस' म्हणून ओळखली जाणारी बहुतेक मोठी हॉटेले, आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि नेव्हाडा विद्यापीठाची लास व्हेगस शाखा ही लास व्हेगस शहराच्या हद्दीबाहेर आहेत. काउंटीच्या रहिवाशांपैकी केवळ २८ टक्के लोक प्रत्यक्ष लास व्हेगस शहरात राहतात.

स्थलांतर

काउंटीच्या वाढीत जन्मदरापेक्षा स्थलांतराचा वाटा मोठा राहिला आहे. स्वतःच्याच राज्यात जन्मलेल्या रहिवाशांचे प्रमाण नेव्हाडात देशातील सर्व राज्यांपेक्षा कमी आहे. राज्यातील साधारण दर चार रहिवाशांपैकी एकाचाच जन्म तेथे झालेला आढळतो. अन्य राज्यांतून येणाऱ्यांमध्ये कॅलिफोर्नियाचे लोक सर्वाधिक आहेत. तुलनेने स्वस्त घरे, राज्याचा वैयक्तिक प्राप्तिकर नसणे आणि विशेष शिक्षणाविना मिळणारा रोजगार ही या ओघाची मुख्य कारणे होत.

हवाई बेटांतून झालेले स्थलांतर हे पर्यटनातून वस्ती कशी निर्माण होते याचे उदाहरण आहे. १९७५ मध्ये लास व्हेगसच्या जुन्या मध्यवस्तीत सुरू झालेल्या कॅलिफोर्निया हॉटेलने हवाईतील ग्राहकांना आकर्षित करण्यासाठी खास सहली आणि त्यांच्या आवडीचे जेवण देऊ केले. वारंवार येणाऱ्या या पाहुण्यांपैकी अनेकांनी हवाईतील महागड्या घरांना कंटाळून पुढे येथेच घरे घेतली. हवाईच्या आठ प्रमुख बेटांना जोडून लास व्हेगसला 'नववे बेट' असे म्हटले जाते.

काउंटीतील पाचांपैकी सुमारे एक रहिवासी परदेशात जन्मलेला आहे आणि सुमारे एक तृतीयांश लोक घरी इंग्रजीखेरीज अन्य भाषा बोलतात. त्यांत स्पॅनिश सर्वाधिक बोलली जाते. त्याखालोखाल फिलिपिनोंची टागालोग आणि चिनी भाषा येतात. कागदपत्रांविना राहणाऱ्या स्थलांतरितांचा श्रमशक्तीतील वाटाही मोठा आहे. प्यू संशोधन केंद्राच्या २०१४ च्या अंदाजानुसार नेव्हाडाच्या श्रमशक्तीत हा वाटा सुमारे १० टक्के होता आणि तो देशात सर्वाधिक होता.

वांशिक रचना

१९९० मध्ये काउंटीतील सुमारे ७५ टक्के लोक बिगर-हिस्पॅनिक गोरे होते. २००० मध्ये हे प्रमाण ६० टक्क्यांवर आणि २०१० मध्ये ४८ टक्क्यांवर आले. २०२० मध्ये ते ४० टक्क्यांहूनही कमी झाले. त्यामुळे आज काउंटीत कोणताही एक गट बहुसंख्य नाही.

हिस्पॅनिक

१९९० मधील ११ टक्क्यांवरून हिस्पॅनिकांचे प्रमाण २००० मध्ये २२ टक्क्यांवर आणि २०१० मध्ये २९ टक्क्यांवर गेले. २०२० मध्ये जवळपास तिघांपैकी एक रहिवासी हिस्पॅनिक होता. त्यांत मेक्सिकन वंशाचे लोक बहुसंख्य असून क्यूबन आणि एल साल्वाडोरचे समुदायही आहेत. पूर्व लास व्हेगस, सनराइज मॅनर आणि नॉर्थ लास व्हेगस येथे त्यांची दाट वस्ती आहे. हॉटेल आणि बांधकाम या दोन व्यवसायांच्या वाढीबरोबर हा समुदाय वाढला. काउंटीच्या सार्वजनिक शाळांत आज हिस्पॅनिक विद्यार्थ्यांचा गट सर्वांत मोठा आहे.

आफ्रिकन-अमेरिकन

लोकसंख्येतील सुमारे १२ टक्के लोक कृष्णवर्णीय आहेत. हूवर धरणाच्या कामात कृष्णवर्णीयांना अपवादानेच घेतले गेले. युद्धकाळात मॅग्नेशियम कारखान्याच्या निमित्ताने लुईझियानातील टलूला आणि आर्कन्सॉमधील फोर्डाइस या छोट्या गावांतून मोठ्या संख्येने कुटुंबे आली. त्यांना रेल्वेरुळांपलीकडील 'वेस्टसाइड' भागातच घरे मिळत. तेथे अनेक वर्षे पक्के रस्ते आणि सांडपाण्याची सोय नव्हती. स्ट्रिपवर गाणारे नामवंत कृष्णवर्णीय कलावंतही त्याच हॉटेलांत मुक्काम करू शकत नसत.

१९५५ मध्ये वेस्टसाइडलगत मूलां रूझ हे सर्व वर्णांच्या ग्राहकांना खुले असलेले हॉटेल सुरू झाले, पण ते काही महिन्यांतच बंद पडले. मार्च १९६० मध्ये दंतवैद्य जेम्स मॅकमिलन यांच्या नेतृत्वाखालील स्थानिक नागरी हक्क संघटनेने स्ट्रिपवर मोर्चा काढण्याचा इशारा दिला. त्यानंतर २६ मार्च रोजी याच बंद हॉटेलात झालेल्या बैठकीत हॉटेलांतील वर्णभेद संपवण्याचे ठरले. दारे उघडली तरी चांगल्या पगाराच्या नोकऱ्यांतील भेदभाव राहिला. त्याविरुद्धच्या खटल्यातून १९७१ मध्ये न्यायालयीन तडजोड झाली आणि हॉटेलांना कृष्णवर्णीयांच्या भरतीचे बंधन घालण्यात आले.

आशियाई आणि पॅसिफिक बेटवासी

आशियाई वंशाचे लोक सुमारे दहा टक्के आहेत. त्यांत फिलिपिनो सर्वाधिक असून हॉटेलांप्रमाणेच रुग्णालयांतील परिचारिकांमध्येही त्यांची संख्या लक्षणीय आहे. स्प्रिंग माउंटन रस्त्यावरील चायनाटाउन हे स्थलांतरितांच्या जुन्या वस्तीतून हळूहळू घडलेले नाही. १९९५ मध्ये बांधलेल्या एका व्यापारी संकुलापासून त्याची सुरुवात झाली आणि आशियाई लोकवस्ती पुढे त्याच्या आसपास वाढत गेली.

मूळ निवासी

लास व्हेगस पाईयूट जमातीची वसाहत १९११ मध्ये हेलन स्ट्यूअर्ट या जमीनमालक महिलेकडून मिळालेल्या १० एकर जागेवर उभी राहिली. १९८३ मध्ये संसदेच्या कायद्याने जमातीला शहराच्या वायव्येस आणखी ३,७०० एकरांहून अधिक जमीन मिळाली. ईशान्येकडील मोआपा पाईयूट जमातीचे राखीव क्षेत्र १८७५ मध्ये १,००० एकरांपुरते आकसले होते, ते १९८० मध्ये सुमारे ७० हजार एकरांनी वाढवण्यात आले.

वय, शिक्षण आणि रोजगार

लोकसंख्येत १८ वर्षांखालील मुले सुमारे २३ टक्के आणि ६५ वर्षांवरील नागरिक सुमारे १५ टक्के आहेत. स्त्री-पुरुष संख्या जवळपास समान आहे. निवृत्तांसाठी खास बांधलेल्या वसाहती हे येथील वैशिष्ट्य असून १९८० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेली सन सिटी समरलिन ही त्यांतील सर्वांत परिचित आहे.

नेव्हाडात प्रत्येक काउंटीसाठी एकच शालेय मंडळ असते. क्लार्क काउंटीचे मंडळ सुमारे ३ लाख विद्यार्थ्यांसह देशातील सर्वांत मोठ्या मंडळांपैकी एक आहे. लोकसंख्यावाढीच्या शिखरकाळात त्याला एकेका वर्षात दहाहून अधिक नव्या शाळा उघडाव्या लागल्या. प्रौढांपैकी सुमारे एक चतुर्थांश पदवीधर आहेत. राष्ट्रीय प्रमाण सुमारे एक तृतीयांश आहे. हॉटेल व्यवसायात पदवीविना स्थिर उत्पन्न मिळू शकत असल्याने उच्च शिक्षणाची निकड कमी भासते, असे कारण याबाबत सांगितले जाते.

या उत्पन्नामागे कामगार संघटनेची ताकद आहे. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या 'कलिनरी वर्कर्स युनियन – लोकल २२६' या संघटनेचे सुमारे ६० हजार सदस्य असून त्यांत स्थलांतरित आणि महिलांचे प्रमाण मोठे आहे. संघटनेच्या करारांमुळे खोल्या साफ करणाऱ्या कामगारांनाही आरोग्यविमा आणि निवृत्तिवेतन मिळते. १९९१ ते १९९८ या काळात फ्रंटियर हॉटेलातील कामगारांचा संप सहा वर्षांहून अधिक चालला.

मंदी आणि महामारी

पर्यटनावर उभ्या असलेल्या लोकसंख्येची असुरक्षितता एकविसाव्या शतकात दोनदा प्रकट झाली. २००८ च्या आर्थिक संकटात पर्यटन आणि बांधकाम हे दोन्ही व्यवसाय एकाच वेळी कोसळले. घरांच्या किमती निम्म्याहून खाली आल्या. कर्ज थकल्याने घरे जप्त होण्याच्या प्रमाणात नेव्हाडा सलग काही वर्षे देशात पहिला होता. २०१० मध्ये बेरोजगारी १४ टक्क्यांच्या आसपास पोहोचली. दशकानुदशके चाललेला स्थलांतरितांचा ओघ प्रथमच थांबल्यासारखा झाला. २००० ते २०१० या दशकातील ४१.८ टक्के वाढीपैकी बहुतांश वाढ संकटाआधीची आहे.

दुसरा आघात कोविड-१९ महामारीचा होता. राज्यातील सर्व कॅसिनो मार्च २०२० च्या मध्यापासून ४ जून २०२० पर्यंत बंद होते. त्या वर्षीच्या जनगणनेचा १ एप्रिल हा संदर्भदिन नेमका या बंदच्या काळात आला. एप्रिलमध्ये महानगरातील बेरोजगारी ३० टक्क्यांच्या वर गेली. देशातील मोठ्या महानगरांत हे प्रमाण सर्वाधिक होते. २०१९ मध्ये ४.२५ कोटी असलेली पर्यटकांची संख्या २०२० मध्ये १.९० कोटींवर घसरली. २०२३ मध्ये ती पुन्हा ४ कोटींच्या वर गेली.

राजकीय प्रतिनिधित्व

लोकसंख्येचा आकडा प्रतिनिधित्व आणि केंद्रीय निधी यांचा आधार असतो. नेव्हाडाला १९८० च्या दशकापर्यंत प्रतिनिधिगृहात एकच जागा होती. ती वाढत जाऊन २०१० च्या जनगणनेनंतर चारवर पोहोचली. या चारपैकी तीन मतदारसंघ मुख्यतः क्लार्क काउंटीतील मतदारांवर अवलंबून आहेत. राज्य विधिमंडळातही बहुतांश जागा काउंटीच्या वाट्याला येतात. काउंटीचा कारभार सात निर्वाचित सदस्यांचे मंडळ पाहते. स्ट्रिपवरील हॉटेलांचे परवाने, रस्ते आणि दहा लाख रहिवाशांच्या नागरी सेवा हे विषय या एकाच मंडळाकडे आहेत.

जनगणनेत न मोजलेल्या पाहुण्यांसाठी लोकसंख्येवर आधारित केंद्रीय निधी मिळत नाही. त्यांचा भार अंशतः हॉटेलच्या खोल्यांवरील कर आणि विक्रीकर यांतून भरून निघतो. खोलीकराचा काही भाग शाळांसाठीही वापरला जातो. त्यामुळे पर्यटक घटले की रहिवाशांच्या सेवांचे उत्पन्नही घटते.

पाणी, जमीन आणि वाढीची मर्यादा

काउंटीच्या भावी वाढीवर दोन प्रमुख मर्यादा आहेत. पहिली जमिनीची आहे. काउंटीतील जवळपास ९० टक्के जमीन केंद्र सरकारच्या मालकीची असल्याने नव्या वसाहतींसाठी ती लिलावाने खुली व्हावी लागते. १९९८ च्या कायद्याने खोऱ्यातील ठरावीक जमिनीच्या विक्रीची पद्धत निश्चित केली.

दुसरी मर्यादा पाण्याची आहे. लास व्हेगस खोऱ्याला सुमारे ९० टक्के पाणी हूवर धरणामागील लेक मीड जलाशयातून मिळते. १९२८ च्या कायद्यावर आधारित वाटपात कॉलोराडोच्या खालच्या खोऱ्यातील ७५ लाख एकर-फूट पाण्यापैकी नेव्हाडाला केवळ ३ लाख एकर-फूट, म्हणजे सुमारे ३७ कोटी घनमीटर पाणी मिळाले. त्याच वाटपात कॅलिफोर्नियाला ४४ लाख आणि ॲरिझोनाला २८ लाख एकर-फूट पाणी मिळाले. वाटप ठरले तेव्हा क्लार्क काउंटीत दहा हजारही लोक राहत नव्हते.

२००० नंतरच्या दीर्घ अवर्षणात लेक मीडची पातळी सातत्याने खालावली. धरणामुळे बुडालेल्या सेंट थॉमस या मॉर्मन गावाचे अवशेष त्यामुळे पुन्हा उघडे पडले. ऑगस्ट २०२१ मध्ये नदीवर प्रथमच अधिकृत टंचाई जाहीर झाली. काउंटीत घरांच्या आत वापरलेले जवळपास सर्व पाणी शुद्ध करून जलाशयात परत सोडले जाते आणि तेवढे पाणी वाट्यात पुन्हा मोजून मिळते. स्ट्रिपवरील हॉटेलांच्या खोल्यांत वापरले जाणारे पाणीही असेच परत जाते. खरा ऱ्हास बागा आणि हिरवळींवरील पाण्याच्या बाष्पीभवनातून होतो. म्हणून हिरवळ काढणाऱ्यांना पैसे देण्याची योजना राबवली गेली आणि २०२१ च्या राज्य कायद्याने केवळ शोभेसाठी असलेली हिरवळ २०२६ अखेरपर्यंत काढून टाकणे बंधनकारक केले. या उपायांमुळे २००२ नंतर काउंटीची लोकसंख्या लाखोंनी वाढली असली, तरी जलाशयातून होणारा पाण्याचा निव्वळ वापर घटला आहे.